कोकणात म्युझियम, जुने वाडे, किल्ले बघायचेत, बीच नको (सोलापूरहून, अण्णांना घेऊन)

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर चार दिवस कोकणात जायचं ठरायलंय, सोलापूरहून स्वतःची गाडी, मी, बायको, सातवीतली पोरगी आणि अण्णा (माझे वडील, वय ७१, गुडघे कुरकुरतात पण चालतात).

मुद्दा असा की मागच्या वर्षी आम्ही सगळ्यांना घेऊन समुद्रावर गेलो होतो, दोन दिवस नुसतं वाळूत बसून होतो आणि अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, पाणीच हाय की, उजनीत पण हाय, एवढ्या लांब कशाला आलो. त्यांचंही बरोबरच हाय म्हणा. त्यांना वस्तू बघायला आवडतात. अक्कलकोटच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात नेलं तर एकेका तलवारीपुढं उभे, मूठ कशी बसवली, म्यान कशाचं, आम्ही बाहेर येऊन चहा पिऊन परत आत गेलो तरी ते तिसऱ्याच कपाटापुढं. डॉ. कोटणीसांच्या स्मारकात पण तेच, सगळ्या पाट्या वाचल्याशिवाय हलले नाहीत. आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात जेकॉर्डवर (नक्षी विणायच्या मागावर) काम केलेला माणूस, कुठलीही गोष्ट दिसली की ती बनवली कशी हे आधी बघतो.

तर यावेळी समुद्र फक्त येताजाता दिसला तरी चालेल. रत्नागिरी ते सावंतवाडी या पट्ट्यात बघण्यासारखी म्युझियम, जुनी घरं, कला, किल्ले काय काय हायत? शनिवारी पहाटे निघून मंगळवारी रात्री परत असा प्लान हाय. विचारायचंय ते असं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीत म्हाताऱ्या माणसाला चढता येतं का, कातळशिल्पं म्हणतात ती खरंच बघण्यासारखी हायत का नुसतीच मोबाईलवर फिरायलीत, आणि थिबा पॅलेसमध्ये आत काय हाय का रिकामाच वाडा हाय. युट्युबवर बघितलं तर सगळे नुसते मासे खायलेत, माहिती कोणीच देईना.

कडकभाकरी

आधी रस्त्याचं ऐक बे, बाकीचं नंतर. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि तिथून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. साडेतीनशेच्या पुढंच जातंय. पहाटे ५ ला निघालास तर कोल्हापुरात नाष्टा आणि दुपारी दोनच्या आसपास रत्नागिरी. घाटात पोरीला पुढच्या सीटवर बसव, आमच्या पोरानं आंबा घाटात माझ्या नव्या शर्टावर जे केलं ते इथं लिहीत नाही.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन जा (तुझं नावच ते हाय म्हणा), दुपारी कुठं जेवायला थांबलास की दीड तास जातो आणि मग म्युझियम बंद व्हायची वेळ होते.

आणि विजयदुर्ग सोडू नको. हेलियम वायूचा शोध तिथं लागलाय, १८६८ च्या सूर्यग्रहणात, इंग्रज साहेबानं दुर्बीण ठेवायला ओटे बांधले होते ते अजून दाखवतात, साहेबाचे ओटे म्हणतात त्याला. अण्णांना आवडंल. मी स्वतः त्या ओट्यावर बसून फोटो काढलाय.

येताना आंबोलीवरून बेळगाव करून विजापूरमार्गे ये, गोलघुमट पण होऊन जाईल.

जांभा_दगड

रत्नागिरीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट वार. सरकारी संग्रहालयं बहुतेक करून सोमवारी बंद असतात. तुमचा शनि ते मंगळ प्लान आहे म्हणजे रत्नागिरी शनिवार रविवारातच उरका आणि सोमवार किल्ल्यासाठी ठेवा. आमच्याकडे दर सोमवारी कोणी ना कोणी लांबून आलेलं कुटुंब बंद गेटातून आत डोकावत असतं, गाडीचा नंबर बघितला की वाईट वाटतं, तुमचा सोलापूरचा एमएच १३ पण बघितलाय.

थिबा पॅलेस रिकामा नाहीये. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आत, मूर्ती वगैरे आहेत, थिबाच्या वापरातल्या काही वस्तू आहेत. पण खरं सांगू का, कपाटातल्या वस्तूंपेक्षा तो वाडाच वस्तू आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला बायकापोरांसकट इकडे आणून टाकलं, १८८६ पासून तो रत्नागिरीत. हा वाडा झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे बिचारा चोवीस पंचवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या वाड्यात सहा वर्षं, १९१६ ला गेला. वरच्या मजल्यावर अर्धगोल लाकडी खिडक्या आहेत, कोरीवकाम आणि रंगीत काच, दुपारनंतर ऊन त्यातून आत येतं तेव्हा जा. मागच्या चौकात बुद्धाची मूर्ती आहे तीही बघा. थिबाची समाधी वेगळीकडे आहे, गावातच शिवाजीनगर भागात, तिथं कोणी जात नाही. धाकट्या राणीचीही तिथंच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष खास बघायला आले होते, तेव्हा रस्ता चकाचक झाला होता.

आता माझी आवडती गोष्ट. पॅलेस बघून झाला की टिळक आळीत जा, लोकमान्यांचं जन्मघर. छोटं कोकणी घर आहे, वीस मिनिटांत बघून होतं, म्हणून लोक घाईत उरकतात. पण हे डोक्यात ठेवून बघा: टिळक जन्मले या घरात १८५६ साली, आणि इंग्रजांनी त्यांना १९०८ ते १९१४ कैदेत ठेवलं कुठं तर मंडालेला. मंडाले म्हणजे थिबाची राजधानी. म्हणजे रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा त्याच वर्षांत रत्नागिरीत कैदेत. दोन्ही ठिकाणं एकाच दुपारी बघितली ना की काय ते आपोआप कळतं, कोणी सांगायची गरज पडत नाही. मी पाहुण्यांना नेहमी याच क्रमानं नेतो, आधी राजा मग टिळक.

वेळ उरला तर पतितपावन मंदिर (१९३१, सावरकर इथं स्थानबद्ध होते तेव्हाचं, पैसा भागोजीशेठ कीरांचा), आणि पोरीसाठी झाडगावचं मत्स्यालय, कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे तिथं. देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. मोठी माणसंसुद्धा त्याच्या जबड्यापाशी गप्प होतात.

कातळशिल्पांवर वेगळं लिहितो, जेवून येतो.

पाटीपेन्सिल

कडकभाकरी, हेलियमचं जरा थांबा. मी शाळेत विज्ञान शिकवते (सोलापुरातच) आणि दर १८ ऑगस्टला हे फॉरवर्ड मला किमान दहा जण पाठवतात.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी आले होते ते गुंटूरला, आंध्रात. इंग्लंडचे लॉकियर, ज्यांचं नाव विजयदुर्गाशी जोडतात, ते तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात (प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात) एक पिवळी रेघ बघितली आणि ती पृथ्वीवरच्या ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही असं पुढं ठरलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ ला, रॅम्सेंना. ओट्यांवर कोणी बसून ग्रहण बघितलं असेल तर बघू दे, पण शोध तिथं लागला असं पोरीला सांगू नका.

आणि गंमत म्हणजे त्या ग्रहणाचे वर्णपट घेणारे दोन इंग्रज आपल्याच बाजूला होते. कॅप्टन हेग विजापूरला आणि लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटर. म्हणजे हेलियमच्या गोष्टीसाठी एवढा घाट उतरून जायचं कारण नाही, उलट दिशेला गेलात तरी चालतंय.

बाकी विजयदुर्ग किल्ला म्हणून जरूर बघावा, आणि शेजारी गिर्ये इथं खाडीच्या काठाला मराठा आरमाराची गोदी आहे, जांभ्यात खोदलेली, जहाजं आत घेऊन दुरुस्त करायचे. ती बघायला कोणी जात नाही आणि सगळे ओट्यावर बसून फोटो काढतात.

कडकभाकरी

बाई तुम्ही माझा फोटोच खोटा पाडला की 😄 पण तिथला गाईडच सांगत होता हो, आम्ही काय पुस्तक घेऊन जातो का किल्ल्यावर. बरं गोदी बघितली नाही हे खरंय.

जांभा_दगड

जेवलो. आता कातळशिल्पं.

मोबाईलवर फिरणारी प्रकरणं नाहीत ती. आमच्याकडे डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, त्याला सडा म्हणतात. या सड्यावर जमिनीतच कोरलेली चित्रं आहेत, भिंतीवर नाही, पायाखाली. माणूस, मासे, पक्षी, वाघ, हत्ती, गेंडा, आणि कशाचं काय ते कळत नाही असे चौकोन आणि नागमोडी रेघा. गेंडा आणि हत्ती कोकणात आज नाहीत, मग कोरणाऱ्यानं बघितले कुठं, इथून सगळी चर्चा सुरू होते. गावातल्या लोकांना काही शिल्पं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पांडवांची चित्रं किंवा देवाचं काहीतरी म्हणून वर्षातून एकदा नारळ ठेवायचे. पण सडेच्या सडे पायी तुडवून ती शोधली, नोंदली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे या मंडळींनी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक.

तुम्ही रविवारी मालवणकडे जाणार तर कशेळी वाटेत घेता येईल. पावसमार्गे सागरी रस्त्यानं जायचं. तिथला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, एवढा मोठा की तुम्ही त्याच्या पोटात उभे असता आणि हत्ती कुठंय म्हणून विचारता. त्या हत्तीच्या अंगावर आत आणखी लहान लहान प्राणी कोरलेत. कशेळीलाच कनकादित्याचं सूर्यमंदिर आहे. दुसरा पर्याय उक्शी, रत्नागिरीपासून जवळ, तिथं हत्तीच्या भोवती गोल कठडा बांधलाय त्यामुळे वरून नीट दिसतं आणि अण्णांना बरं पडेल. देवाचे गोठणे पण आहे, तिथल्या माणसाच्या चित्रावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच वळते, पोरीला तेच सगळ्यात आवडेल. पण ते आडवाटेला आहे, चारही दिवस माझ्याच जिल्ह्यात घालवू नका, इथल्या कुडाळच्या माजघरवैनी रागावतील.

तीन गोष्टी पक्क्या. एक, दुपारी बाराला जाऊ नका. उन्हाचं सोडा (जांभा तापला की चपलेतून कळतं), पण सूर्य डोक्यावर असला की रेघाच दिसत नाहीत, सपाट काळा दगड दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा, ऊन तिरपं पडलं की कोरलेल्या कडेला सावली धरते आणि एकदम आख्खं चित्र जमिनीतून उठल्यासारखं दिसतं. दोन, गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला दोन पैसे द्या. पाटी असते पण पाटीनंतर वाट नसते. तीन, रेघांवर बूट घालून उभं राहू नका आणि रेघा नीट दिसाव्यात म्हणून खडूनं रंगवू नका, असं करणारे महाभाग येतात.

माजघर

मी कुडाळची. नाही हो रागावणार जांभाभाऊ, पण सगळे लोक मालवणात येतात, किल्ला बघतात, मासे खातात आणि गोव्याला पळतात, आमच्याकडे वळून बघत नाहीत, याचा राग आहेच थोडा.

आधी किल्ल्याचं सांगते कारण ते विचारलंय. मालवण जेटीवरून बोट, दहा पंधरा मिनिटांची. पावसाळ्यात बंद असते, दिवाळीनंतर चालू असणार. चढताना उतरताना बोट हलते, पण बोटवाली पोरं हात धरून घेतात, माझ्या सासूबाई ७५ च्या होत्या तेव्हा गेल्या. सकाळी लवकर जा, दहानंतर लायनी लागतात. आत गेल्यावर तटावर चढायचं नसेल तर बाकी चालणं सपाटीवरचंच आहे. ४८ एकरांचा किल्ला आहे, सगळा बघायला गेलात तर अण्णांचे गुडघे आणि तुमची सुट्टी दोन्ही संपेल. महादरवाजा बघा, अगदी जवळ जाईस्तोवर कळत नाही दरवाजा कुठं आहे, तट असा वळवून घेतलाय. १६६४ ला बांधकाम सुरू केलं आणि १६६७ ला संपवलं, चारही बाजूंनी खारं पाणी असताना. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. श्रीशिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, त्यातली महाराजांची मूर्ती आपण फोटोत बघतो तशी नाही, दाढी नाही. पोरीला आधी सांगू नका, तिला स्वतःला ओळखू दे. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे पायाचे ठसे पण दाखवतात.

आता खरं. तुमच्या वडिलांचं वाचलं आणि मला वाटलं ह्यांना पिंगुळी आणि सावंतवाडी दाखवलीच पाहिजे, बाकी काय राहिलं तरी चालेल.

पिंगुळी कुडाळला लागून. गुढीपूरला ठाकर समाजाचं एक छोटं म्युझियम आहे, ठाकर आदिवासी कला आंगण, गुरांच्या गोठ्यात सुरू केलेलं. चित्रकथीची चित्रं, चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या. चित्रकथी म्हणजे रामायण महाभारतातल्या एकेका प्रसंगाचं कागदावर चित्र, गोष्ट सांगणारा एकेक चित्र पुढं करत गाऊन सांगतो, अशी चित्रांची अख्खी पोथी असते. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती ह्याच कामासाठी. तिथं बाई, हात लावू नका अशी पाटी नाही. बाहुली हातात देतात, दोरा कुठल्या बोटाला ते दाखवतात. आधी फोन करून जा म्हणजे घरात कोणीतरी असेल आणि खेळ करून दाखवतील. आणि फुकट बघून येऊ नका, काहीतरी विकत घ्या.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाला राजवाडा. तिथं दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते, दहा अवतार दहा रंग, प्रत्येकाचे बारा. ही कला जवळजवळ संपली होती, शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या कारागिरांना शोधून परत सुरू केली, राजमाता स्वतः बसून रंगवायच्या. नंतर चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं. पण दुकानात आधी हातात घेऊन बघा, सगळीच इथली नसतात आता.

विजापूरमार्गे परत जायचं डोक्यातून काढा. त्याच दिवशी सावंतवाडी आणि गोलघुमट दोन्ही करणारा माणूस काहीच बघत नाही, नुसता टोल भरतो.

शेंगाचटणी

बापरे, एवढं सगळं. आभार सगळ्यांचे. मंगळवारची एक सुट्टी वाढवून बुधवार केली, साहेबांना म्हणालो घरचं कार्य हाय. विजयदुर्ग यावेळी नको असं ठरलं. कडकभाकरी राग मानू नको.

गणपतीपुळ्याला ते पुतळ्यांचं म्युझियम हाय ते करावं का? आणि मालगुंडचं केशवसुतांचं घर?

जांभा_दगड

प्राचीन कोकण म्हणतात ते. जुन्या काळचं गाव, बारा बलुतेदार वगैरे माणसाएवढे पुतळे करून उघड्यावर मांडलेत, बरोबर माहिती सांगणारा असतो. पुतळे पुतळ्यांसारखेच आहेत, पण सातवीतल्या पोरीला ठीक. अण्णा कंटाळतील असं मला वाटतं, कारण खरी वस्तू नाही. मालगुंड मात्र करा, पुळ्यापासून दोनेक किलोमीटर. केशवसुत जन्मले ते घर, १८६६, जुन्या धाटणीचं ठेवलंय आणि भोवती त्यांच्या कविता दगडात कोरून लावल्यात. गर्दी शून्य. पण पुळ्याला गेलात तर कशेळी सुटेल, दोन विरुद्ध दिशा आहेत. मी असतो तर कशेळी.

पाटीपेन्सिल

पोरीला एक वही द्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायला सांगा, फक्त एक. मी सहलीत हेच करते. फोटो काढू दिले की मुलं शंभर काढतात आणि बसमध्ये विचारलं तर एकही आठवत नाही.

शेंगाचटणी

आलो परत. सांगतो काय काय झालं ते, लांबतंय जरा.

शनिवारी आंबा घाटात पोरगी नाही तर मीच गाडी थांबवून उतरलो, तो विषय सोडा. रत्नागिरीत पोचायला तीन वाजले. एक ठिकाण ठरवलेलं ते आत कसलं तरी काम काढलंय म्हणून अर्धं बंद निघालं, कुठं पाटी नाही, कुणी सांगणारं नाही, तिकीट घेतल्यावर कळलं. तिकिटाचं काही नाही पण अण्णा जिना चढून गेले आणि वरून परत आले त्याचा राग आला. नाव घेत नाही.

थिबा पॅलेस मात्र जांभाभाऊंनी सांगितल्यासारखा उन्हं कलल्यावर. अण्णांनी मूर्तीकडं एकदा बघितलं आणि सरळ खिडकीकडं गेले, सागवान हाय म्हणाले, जोड बघ कुठं दिसतोय का. मग टिळक आळी. तिथं मी तुमचं ते मंडालेचं सांगितलं तर पोरगी म्हणाली म्हणजे अदलाबदली केली का. अण्णा काही बोलले नाहीत, पण गाडीत बसल्यावर विचारलं, त्या राजाला मराठी येत होती का. मला कुठलं माहीत.

रविवारी पहाटे सहाला सगळ्यांना उठवून कशेळी. गावातले एक काका बरोबर आले. सड्यावर सव्वाआठ वाजले असतील, गवत वाळलेलं आणि दगड अजून गार होता. काका म्हणाले हत्ती हा इथं, आणि आम्हाला काही दिसेना, नुसता दगड. बायको मला हळूच म्हणाली, फसवलं वाटतं. मग काकांनी आम्हाला सूर्याकडं तोंड करून उभं केलं आणि बोटानं हवेत सोंडेची रेघ ओढायला लागले, तशी सोंड दिसली, मग पाय, मग पाठ, आणि मग ती दिसायची थांबेचना. पोरगी कडेकडेनं चालत त्याला वेढा घालून आली आणि पावलं मोजून आली. वहीत काढायला बसली तर पानात मावेना, दोन पानं जोडून काढलाय.

सोमवारी किल्ला. बोटीत अण्णांना काही झालं नाही, मलाच भीती वाटत होती. शिवराजेश्वराची मूर्ती बघून पोरगी म्हणाली हे कोण, आणि सांगितल्यावर बराच वेळ बघत उभी राहिली. पण किल्ल्यावर गर्दी लै, अण्णा दोन तासात पुरे म्हणाले, आणि दुपारी आम्ही झोपलो, खरं सांगतो.

मंगळवारी पिंगुळी. अण्णांनी कळसूत्री बाहुली हातात घेतली, दोरे मोजले आणि मांडी घालून बसले ते उठेनात. ते दाखवणारे भाऊ आणि अण्णा, दोघं दोऱ्याच्या ताणाबद्दल बोलायला लागले, एक दोरा सैल असला की मान कशी पडते आणि आमच्याकडं एक धागा सैल असला की चादरीत फूल कसं तिरकं येतं. आम्हा बाकीच्यांचं तिथं काही कामच राहिलं नाही. एक चित्र घेतलं, सीतेला रावण नेतो त्या प्रसंगाचं.

आणि मुक्काम करून बुधवारी सकाळी सावंतवाडी, हे खरं सांगायचं होतं. राजवाड्यात एक ताई गंजिफ्यावर रंग देत बसल्या होत्या. शेजारी न रंगवलेला कोरा पत्ता पडला होता. अण्णांनी विचारून तो उचलला, नखानं कडेला टोकरून बघितलं, नाकाशी नेला आणि ताईंना म्हणाले, चिंचोके काय? ताई हसल्या, म्हणाल्या, हो, चिंचोक्याचीच खळ, कापडाचे थर त्यात चिकटवतात, मग घोटायचं, मग रंग, मग लाख. अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, अरे आपल्याकडं घोंगड्याला हीच खळ लावतात, माझी आई चिंचोके भाजून भिजवून वाटून द्यायची शेजारच्या घोंगडीवाल्यांना, आम्ही पोरं भाजलेले चोरून खायचो. त्यांच्या आईचं काही आठवून सांगताना मी अण्णांना कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. ताईंनी ब्रश खाली ठेवला आणि खळ किती दाट ठेवता, पावसाळ्यात बुरशी धरते का, असं त्यांचं सुरू झालं. आम्ही तलावाला एक चक्कर मारून आलो तरी चालूच.

परत आंबोली, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर असं करून रात्री साडेअकराला घर. विजापूर नाही.

लहान गंजिफ्याचा एक डबा आणलाय, आता रोज रात्री अण्णा आणि पोरगी तो घेऊन बसायलेत आणि खेळायचं कसं ते कुणालाच येईना. कागदावर लिहून दिलेलं ते कुणाला समजेना. माजघरवैनी, येतं का तुम्हाला?

माजघर

अगो बाई, वाचून बरं वाटलं. अण्णांना नमस्कार सांगा.

पूर्ण खेळ मला पण येत नाही, सासरे खेळायचे. एवढं सांगते, प्रत्येक रंगात राजा सगळ्यात मोठा, मग प्रधान. त्याच्या खाली मात्र पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, आणि उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान. तुमचं तिथंच अडत असणार, सगळ्यांचं तिथंच अडतं. आणि दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो पहिला, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो.

शेंगाचटणी

रात्री कृष्ण! आम्ही रोज रामावरूनच भांडायलो होतो. आत्ता जाऊन सांगतो, जागेच हायत दोघं.